सात लाखांतले तीन

४ एप्रिल २०२३, मंगळवार

कोर्टाचा कागद आला. शाळेतून परतली तर पोस्टमन फाटकाशीच उभा होता. सही घेतली अन् गेला. मला वाटलं, अच्युतच्या पेन्शनचं काही असेल. उभ्या-उभ्याच फोडला.

अनुपमने जिल्हा कोर्टात अर्ज दिला आहे — देणी फेडू शकत नाही, मला दिवाळखोर जाहीर करा. खाली यादी. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची नावं. एकतीस. सतराव्या नंबरवर मी. चार लाख.

अनुपम म्हणजे माझ्या नवऱ्याचा, अच्युतचा, तिसरीपासूनचा मित्र. इथेच कांचघर भागात सलवार-सूट शिवायचा कारखाना, पंचवीस मशीनचा. अच्युत गेल्यावर फंडाचे जे आले त्यातले सात लाख मी त्याच्याकडे ठेवले. बँकेपेक्षा व्याज जास्त, अन् माणूस घरचा. त्याने मागितले नव्हते. मीच नेऊन दिले. हे पण लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरून जाईन.

फोन लावला. बंद.

५ एप्रिल

सात होते, चार कसे — तेही लिहिते. या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, अनुपम घरी आला होता. सोळा तारीख. पेपरात गुंडाळलेले तीन लाख. "वहिनी, हे ठेवा. आधी चिन्मयीची फी भरा." पावती नको म्हणाला. मीही विचारलं नाही की बाबा, आज अचानक काहून?

आता कळून राहिलं काहून. त्याला माहीत होतं की बुडतो आहे.

लेकीच्या, चिन्मयीच्या, भोपाळच्या कॉलेजची फी अन् हॉस्टेल मिळून एक लाख साठ गेले. बाकीचे बँकेत आहेत.

राहिलेले चार मी सोडणार नाही. काय करायचं ते करीन, पण सोडणार नाही.

९ एप्रिल, रविवार

त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, विनताने, दार उघडलं. "या क्षमाताई," म्हणाली अन् बाजूला झाली. अनुपम खाटेवर बसून होता. दाढी वाढलेली. मी बसली नाही.

"भाऊजी, कागद पाठवायच्या आधी एक फोन करायचा होता."

"कोणत्या तोंडाने करू वहिनी?"

"ज्या तोंडाने पैसे घेतले त्याच."

मग त्याने सांगितलं. रायपूरच्या एका पार्टीने बावीस लाखांचा माल उचलला, चेक दिले, चेक परत आले, दुकानाला कुलूप. बँकेचा हप्ता थांबला. रोज दारात तीन-चार जण. विनताला भाजीबाजारात अडवून बोलतात. वकिलाने म्हटलं, कोर्टात चला. तिथे जे आहे ते सगळ्यांत सारखं वाटल्या जाईल. नाहीतर जो जास्त ओरडेल तो घेऊन जाईल.

"अन् माझे चार?"

विनता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तुमचे तीन तर दिले ना ताई." तिचा असा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

पाणी पण न घेता निघाली.

१० एप्रिल

आठवीला शेकडेवारी शिकवली. मन लागलं नाही.

२ मे, मंगळवार

पहिली तारीख. एकतिसातले एकोणीस आले. सगळ्यांत मोठा आवाज भय्यासाहेबांचा. ओमतीला कापडाचं ठोक दुकान आहे त्यांचं. "चोर आहे हा माणूस. मी उधार कापड दिलं म्हणून याचा कारखाना उभा राहिला." अनुपम खाली मान घालून उभा. विनता मागच्या बाकावर. तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. मी पण नाही.

जजने मुरलीधर दुबे नावाच्या वकिलांना रिसीव्हर नेमलं. कारखान्याची चावी, वह्या, सगळं आता त्यांच्या ताब्यात. दुबेजी बाहेर येऊन इथल्या कोर्टाच्या हिंदीत सगळ्यांना म्हणाले, "अब कोई अलग से वसूली नहीं करेगा. न घर जाएगा, न फोन करेगा. जो है सो सबका है, हिस्से से मिलेगा."

भय्यासाहेबांनी विचारलं किती मिळेल. "अभी तो रुपये में चौदह पैसे दिख रहे हैं."

चौदह पैसे. माझ्या चार लाखांचे छप्पन हजार. मी तिथेच हिशेब केला. सवय.

बाहेर पायऱ्यांशी एक बाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. शकु. कारखान्यात अठरा वर्षं काज-बटणाचं काम केलं. सिहोऱ्याहून बसने आल्या होत्या, सकाळी सहाला निघून. मला म्हणाल्या, "मॅडम, हे भरून द्या न. मले वाचता येते, पण ह्यातलं काही समजून नाही राहिलं."

त्यांचे एक लाख चाळीस हजार. अठरा वर्षांचे दिवाळीचे पैसे कधी घेतलेच नाहीत, अनुपमजवळ ठेवले.

"बँकेत काहून नाही ठेवले?"

"बँकेत ठेवले असते तर घरच्यायनं काढून खाल्ले असते. भैयाजवळ कोणाचा हात पोचत नव्हता."

फॉर्म भरून दिला. सही करता करता त्यांनी विचारलं, "तुमाले काही भेटलं काय मॅडम, आधी?"

"नाही," मी म्हणाली.

विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

७ मे, रविवार

शकुबाई आणखी चार जणींना घेऊन आल्या. सगळ्या कारखान्यातल्या. कोणाचा सहा महिन्यांचा पगार, कोणाचे ठेवलेले. व्हरांड्यात सतरंजी टाकली. एकेकीचा कागद तपासला. हजेरीच्या वह्या, मोबाइलमधले फोटो, जे असेल ते लावलं. मी म्हटलं, दर रविवारी या. एकीचाही दावा कागद नाही म्हणून उडू देणार नाही.

२१ मे

आज अकरा जणी. शकुबाईंनी माझ्यासाठी घरचे मुरमुऱ्याचे लाडू आणले. खाल्ले. गोड लागले नाहीत.

११ जुलै, मंगळवार

दुबेजींनी वह्या तपासल्या. कोर्टात उभे राहून म्हणाले, "पिछले साल की बही में क्षमा जी के सात लाख हैं. अर्ज़ी में चार. तीन लाख कब दिए?"

अनुपमने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग म्हणाला, "पिछली दिवाली में, सर. घर की बीसी निकली थी, पत्नी के पास आई थी. वही पैसा दे दिया."

शपथेवर म्हणाला. विनताची भिशी, अन् तीही दिवाळीत!

दुबेजींनी लिहून घेतलं. मी गप्प बसली. दोन बाकं पुढे शकुबाई मान वळवून माझ्याकडे पाहत होत्या. रागावल्या नव्हत्या. नुसत्या पाहत होत्या.

नंतर व्हरांड्यात दुबेजींना गाठलं अन् विचारलं, तारखेने काय फरक पडतो. त्यांनी सांगितलं — अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत कोणा एकालाच दिलं असेल तर ते परत येतं अन् सगळ्यांत वाटल्या जातं. घरची भिशी पण कारखान्याच्याच पैशांतून भरलेली, म्हणून तीही त्यात धरतात. "आपका तो दिवाली का है. आप निश्चिंत रहिए."

अर्ज वीस मार्चचा. मला पैसे मिळाले सोळा जानेवारीला.

म्हणजे तो माझ्यासाठी खोटं बोलला.

१६ जुलै, रविवार

शकुबाई आल्या, बाकीच्यांचे कागद दिले, बसल्या नाहीत. मी म्हटलं, शकुबाई, मी तुमच्याशी खोटं बोलली. त्या म्हणाल्या, "असू द्या मॅडम. तुमाले भेटले, आमाले त्याचं वाईट नाही वाटून राहिलं. पण विचारलं होतं तवा सांगायचं होतं."

लाडू नव्हते आज.

१९ जुलै

कोणाला काय बांधील आहे मी? पैसे माझे होते. अच्युतच्या तीस वर्षांच्या नोकरीचे. चोरले नाहीत, मागितले पण नाहीत. जगात एक माणूस म्हणतो दिवाळी, अन् मला नुसतं गप्प बसायचं आहे. एवढंच.

२० जुलै

एवढंच नाही. त्या व्हरांड्यात अकरा जणी बसतात अन् मी त्यांना म्हणते, खरं तेच लिहा, एक रुपयाही वाढवून लिहू नका.

२३ जुलै

चिन्मयीचा फोन. सगळं सांगितलं. तिला मराठी पुरतं बोलता येत नाही, समजतं सगळं. मग विचारलं, "आई, माझी फी त्याच पैशातून गेली ना?"

"हो."

"तो फिर मैं भी उसमें हूँ. तू बोल दे आई. पुढच्या वर्षी मी ट्यूशन घेऊन काढीन, हॉस्टेल छोड़ दूँगी, कुछ भी."

"भाऊजी अडचणीत येतील. शपथेवर बोलले आहेत."

"काकांनी ते स्वतः केलं. तू नाही."

एवढी मोठी कधी झाली ही.

२४ जुलै

ठरलं. आठ ऑगस्टची तारीख आहे. कोणाला विचारणार नाही, कोणाला आधी सांगणार नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं.

हात वर केला, जजने काय आहे विचारलं. मी उभी राहून म्हटलं, "सर, तारीख गलत लिखी गई है. वो तीन लाख मुझे दिवाली में नहीं, इस साल सोलह जनवरी को मिले."

समोरचं बाक धरून बोलली. पंचवीस वर्षं वर्गासमोर उभी राहून बोलते, तरी.

जजने विचारलं, याचा अर्थ समजतो ना. म्हटलं समजतो. पैसे परत करावे लागतील. करीन.

अनुपमने डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावरून विनता उठून उभी राहिली. मला वाटलं बाहेर जाऊन राहिली. तेवढ्यात जज बोलायला लागले अन् ती परत बसली.

जजने दोन गोष्टी सांगितल्या. मी आठ आठवड्यांत तीन लाख रिसीव्हरकडे भरायचे. अन् बाकीच्या सगळ्यांनी शपथपत्रावर लिहून द्यायचं की वीस डिसेंबरनंतर अनुपमकडून कोणाला काय मिळालं. एकूण एक जणाने.

भय्यासाहेब आज पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

बाहेर शकुबाई रडून राहिल्या होत्या. मी जवळ गेली तर पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चला मॅडम, माझी बस आहे."

९ ऑगस्ट

अनुपम शाळेच्या फाटकाशी उभा होता. मधल्या सुट्टीत बाहेर आली.

"वहिनी, मी तुमच्यासाठी खोटं बोललो. तुम्ही मला भर कोर्टात उघडं पाडलं."

"मी सांगितलं नव्हतं भाऊजी, खोटं बोला म्हणून."

"अच्युतच्या बायकोला रस्त्यावर आणायचं नव्हतं मला. एवढं एक तरी नीट करावं म्हटलं."

"अन् शकुबाई? ती कोणाची बायको आहे?"

वकील म्हणतो खोट्या शपथेचा खटला पण होऊ शकतो, एवढं सांगून गेला. चप्पल झिजलेली होती. पायी आला होता कांचघरहून.

घंटा झाली तेव्हा मी तिथेच उभी होती.

२९ ऑगस्ट, मंगळवार

भय्यासाहेबांचं शपथपत्र आलं. जानेवारीतच पाच लाख चाळीस हजार घेतले होते. दुकानात बोलावून, कागद न करता. अन् वरून चोर-चोर म्हणून ओरडत होते.

जिन्यात गाठलं त्यांनी मला. वाटलं आता शिव्या देतील. पण आवाज बसलेला होता. "मॅडम, तुम्ही मला मारलं. सुरतवाल्यांचं देणं माझ्यावर आहे. अनुपमचे मिळाले ते मी त्यांना दिले. आता परत कुठून आणू? उधारीवर माल कोणी देत नाही आता मला. दोन नोकर कमी केले."

मी म्हटलं, "भय्यासाहेब, मी पण कर्ज काढून भरून राहिली आहे."

"तुमची नोकरी आहे."

खरं आहे ते.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलींनी पेन दिला. आज फंडातून कर्जाचा अर्ज टाकला. एक लाख साठ. बँकेतले एक लाख चाळीस मोडले.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

भरले. दुबेजींनी पावती दिली. या पैशांची ही पहिली पावती.

आता यादीत माझ्या नावापुढे परत सात.

१ ऑक्टोबर, रविवार

शकुबाई आल्या, सतरंजी त्यांनीच टाकली.

२३ जानेवारी २०२४, मंगळवार

अनुपम दिवाळखोर जाहीर झाला. आता जे काही विकल्या जाईल ते यादीतल्या सगळ्यांचं. घरातली भांडी, अंथरुणं अन् विनताची एक जुनी शिलाई मशीन सोडली. खोट्या शपथेचा खटला जजने टाळला. कडक शब्दांत सुनावलं तेवढं.

निकाल ऐकून तो बाहेर आला अन् भिंतीला टेकून उभा राहिला. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. मी गेली. विचारलं, जेवले का? नाही म्हणाला. समोरच्या टपरीवर पोहे खाल्ले दोघांनी. पैसे मी दिले. तो म्हणाला, "आज नऊ महिन्यांनी फोन चालू केला वहिनी. एकही आला नाही."

विनता माझ्याशी अजून बोलत नाही. पोहे खायला पण आली नाही.

१६ एप्रिल २०२४

कारखान्याच्या मशीनचा लिलाव. मी सुट्टी काढून गेली. शकुबाई अन् आणखी दोघींनी मिळून तीन मशीन उचलल्या, पैसे दिराकडून उसने घेऊन. टेम्पोवाल्याशी भाव करताना त्यांचा आवाज ऐकला अन् बरं वाटलं. सिहोऱ्याला नेणार. शाळांचे गणवेश शिवणार.

अनुपम तिथेच होता. कोणती मशीन आतून चांगली आहे ते त्याने त्यांना हळूच दाखवलं. त्याने दाखवायचं होतं काय, नव्हतं काय, मला माहीत नाही. दुबेजींनी दुसरीकडे पाहिलं.

३ जुलै

अनुपमला नोकरी लागली. कोणाच्या तरी दुकानात कपडा बेततो, महिना चौदा हजार. त्यातलं पण काही कोर्टात भरायचं. भरतो, दुबेजी म्हणाले, एकही महिना चुकला नाही.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

वाटप झालं. रुपयाला सव्वीस पैसे.

चौदाचे सव्वीस झाले, कारण माझे तीन अन् भय्यासाहेबांचे पाच चाळीस परत आले. शकुबाईंना छत्तीस हजार चारशे. चौदाने मिळाले असते एकोणीस हजार सहाशे. मला एक लाख ब्याऐंशी हजार. गप्प बसली असती तर तीन लाख अधिक छप्पन हजार. म्हणजे खरं बोलायची किंमत एक लाख चौऱ्याहत्तर हजार. दोनदा करून पाहिलं. बरोबर आहे.

कर्जाचे हप्ते अजून अडीच वर्षं. चिन्मयीने हॉस्टेल सोडलं, तिघी मिळून खोली घेतली आहे. संध्याकाळी दोन शिकवण्या घेते.

भय्यासाहेब पण आले होते. त्यांनी आपल्या वाट्याचे पैसे घेतले अन् माझ्याकडे पाहून मान हलवली. नमस्कार होता की दुसरं काही, कळलं नाही.

शकुबाई म्हणाल्या, "मॅडम, चौदा अन् सव्वीस, मधल्या बारा पैशांत माझं मशीन निघालं." मी हिशेब केला. खरंच निघतं, थोडे उरतात पण.

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

अनुपमच्या सुटकेची सुनावणी. सुटका म्हणजे उरलेल्या देण्यातून मोकळा. मग कोणी काही मागू शकत नाही. जजने विचारलं, कोणाची हरकत?

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली मी असती तर उठली असती. माझे पाच लाख अठरा हजार या एका शब्दात जाणार होते. भय्यासाहेबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी उठून म्हटलं, "मेरी कोई आपत्ति नहीं."

सुटका मिळाली. पण त्या खोट्या तारखेमुळे एक वर्षानंतर लागू होईल. अनुपमने वाकून नमस्कार केला, जजला की सगळ्यांना, माहीत नाही.

वाईट वाटून राहिलं काय? हो. पैशांचं वाईट वाटतं, ते खोटं काहून लिहू. पण झोप लागते.

२ मार्च २०२५, रविवार

विनता आली. दीड वर्षाने. खुर्चीवर बसली नाही, सतरंजीवर बसली. म्हणाली, "ताई, ती भिशी नव्हती. ह्यांनाही मी भिशीच सांगितली होती. माझ्या आईच्या पाटल्या विकल्या होत्या मी. माझं एकटीचं सोनं, त्यावर कोर्टाचा काही हक्क नव्हता. तुम्ही उठल्या त्या दिवशी मी सांगायला उभी राहिली होती. सांगितलं असतं तर तुम्हाला एक रुपया परत द्यावा लागला नसता. पण जज सगळ्यांना शपथपत्र मागायला लागले. भय्यासाहेबांचा चेहरा दिसला मला. मी बोलली असती तर विषय तिथेच मिटला असता अन् ते सुटले असते. अन् मी बसली." मी विचारलं, मग आज काहून सांगते? "तुमचे हप्ते चालू आहेत, कळलं. महिन्याला दोन हजार देईन. नाही म्हणू नका." मी तिला म्हटलं, बरं केलं, बसली ते. मनापासून म्हटलं का, अजून समजून नाही राहिलं. दोन हजार ठेवून घेतले.